महाडच्या एसटी स्टँडवर बरव्यांचं चित्र

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (एनजीएमए),
सर कावसजी जहांगीर सभागृह, फोर्ट, मुंबई



मागणी आधी सांगते, कारणं मागाहून. आपल्या संग्रहातली निवडक पंधरा-वीस चित्रं मोठ्या आकारात छापता येतील अशा फायली आणि ती फुकट वाटण्यासाठी छापायची लेखी परवानगी, एवढंच आम्हाला महाड आणि पोलादपूर तालुक्यांसाठी हवं आहे. पैसे नकोत, उद्घाटन नको, कार्यशाळा तर मुळीच नको. छापायचं आणि घरोघर पोचवायचं कसं, ते आमचं आम्ही बघू.

माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, आणि मीच कार्यशाळा नको म्हणते याचं आपल्याला नवल वाटेल. कार्यशाळा मी पुष्कळ पाहिल्या. पाहुणे येतात, दोन तासांत मुलांकडून काहीतरी रंगीत करून घेतात, फोटो निघतात आणि गाडी माणगावच्या दिशेने लागते. मुलाजवळ उरतं ते त्याने केलेलं चित्र. ज्या चित्रावरून ते सुचलं, ते मात्र पाहुण्यांच्या लॅपटॉपमध्ये बसून परत जातं. मला नेमकं उलटं हवं आहे. चित्रकार नाही आला तरी चालेल, चित्र राहायला यावं.

इथून आपलं दालन पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पोलादपूरच्या वाड्यांवरून त्याहून लांब, आणि वस्ती घाटात असेल तर डांबरी रस्त्याला लागेपर्यंत पायपीट वेगळी. तरी मुंबई आमच्या मुलांना परकी नाही. घरटी कोणीतरी तिकडे कामाला आहे. मे महिन्यात मुलं नालासोपाऱ्याला, दिव्याला काकाकडे जातात, राणीची बाग बघतात, गेटवेवर फोटो काढतात. गेटवेपासून आपलं दालन चालत पाच-सात मिनिटांवर आहे. पण त्या दाराच्या आत काय असतं, हे काकालाही माहीत नसतं. शाळेची सहल रायगड, प्रतापगड, महाबळेश्वरला जाते, आणि तिथेच जावी. समजा एखादी सहल आपल्याकडे आलीच, तर रांग, कुजबुज, "हात लावू नका", आणि दुपारच्या जेवणाच्या आत सगळं बघून बाहेर. एका चित्रासमोर मूल किती उभं राहणार? आणि चित्र तर असं असतं की दहाव्या दिवशी, दात घासताना, त्यातली एखादी गोष्ट पहिल्यांदा दिसते.

शाळेकडून फार अपेक्षा करता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलेचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण पट १०० च्या वर असेल तरच. पोलादपूरच्या डोंगरातल्या शाळेत शंभर मुलं कधी जमायची? दोन गुरुजी सगळे वर्ग आणि सगळे विषय ओढतात, वर पोषण आहाराचा हिशेब लिहितात. डोंगरातल्या मुलाला चित्रकलेचा शिक्षक मिळू नये अशी सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. मग राहिलं घर. आई-वडील महाडच्या एमआयडीसीत नाहीतर मुंबईत, तेव्हा घरी पुष्कळदा आजीच. या पत्रात मी "घरी" म्हणेन तेव्हा पडवीत सूप घेऊन बसलेली ही आजी आपण डोळ्यांसमोर ठेवावी. इंटरनेटवरून रंगीत पुठ्ठे मागवणारी आई आमच्याकडे क्वचित.

मुलाला "चित्र काढ" म्हटलं की काय येतं ते आपल्याला ठाऊक असेल. दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा अर्धा सूर्य, त्याला काड्या, खाली नागमोडी नदी, एक घर, एक नारळ. हे चित्र नागपूरचं मूल काढतं, मुंबईचं काढतं, आणि पोलादपूरचंही काढतं. नागपूरच्या मुलाला मी माफ करते. आमचं मूल मात्र ज्या पायरीवर बसून त्रिकोण काढतं, त्या पायरीवरून समोर सह्याद्री दिसतो, आणि एक लिंगाणा सोडला तर इथल्या डोंगरांत त्रिकोण शोधावा लागतो. लाव्हाचे थर एकावर एक बसून हे डोंगर झाले. वर सपाट माथा, खाली उभा कडा, मग झाडीचा उतार, परत कडा. मुलाला हे दिसत नाही असं नाही. गुरं घेऊन ते रोज तिथेच चढतं, कड्याला वळसा कुठून घालायचा ते माझ्यापेक्षा चांगलं जाणतं. पण कागदावरचा डोंगर कसा असतो, हे ते डोंगराकडून शिकलेलंच नसतं. वहीच्या मुखपृष्ठावरून आणि ताईच्या चित्रावरून शिकलेलं असतं. चित्र काढायला माणूस चित्रांवरूनच शिकतो, मोठमोठे चित्रकारही तसेच शिकले. तेव्हा "मुलांनी निसर्गाकडे बघावं" हा उपदेश पुरा पडत नाही. त्यांच्यासमोर भिंतीवर दुसरं, बरं चित्र हवं.

चित्र घरात राहायला आलं की काय होतं, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. संस्थानिकांच्या महालांत शोभणाऱ्या लक्ष्मी-सरस्वती देवघरात आल्या, माजघरात आल्या. इथवर सगळेच सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं. घरातल्या बायकांनी ती चित्रं नुसती टांगून ठेवली नाहीत. लक्ष्मीच्या छापील साडीवर खरी जर बसवली, पदराला टिकल्या शिवल्या, गळ्यात मणी ओवले, काठाला कापड डकवलं, मग काच लावून घेतली. अशी सजवलेली चित्रं आज संग्राहक चांगले पैसे मोजून घेतात. ज्या बायकांना चित्रकलेच्या शाळेचं दारही माहीत नव्हतं, त्यांनी थेट रविवर्म्याच्या चित्रावर हात चालवला, आणि टिकल्यांची वाटी धरून बाजूला कोणीतरी पोर बसलेलं असणारच. जाणकारांनी तेव्हा नाकं मुरडली असतील तर मुरडोत. दालनातल्या चित्राशी घरातल्या घरात अशी सलगी केल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि ते घडलं, कारण चित्र त्यांच्या हाताशी होतं, स्वस्त होतं, आणि बिघडलं तरी कोणी ओरडणार नव्हतं.

आता आमच्याच जिल्ह्याचा माणूस घ्या. प्रभाकर बरवे १९३६ मध्ये अलिबागजवळच्या नागावला जन्मले. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. २०१९ मध्ये 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स' या नावाने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन आपल्याच दालनात झालं. त्याची आठवण पुष्कळांना उद्घाटनाच्या भाषणावरून झालेल्या वादामुळे आहे, चित्रांमुळे नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण महाड-पोलादपूरच्या पडवीत टांगायला बरव्यांइतका सोयीचा चित्रकार दुसरा नाही. त्यांच्या चित्रांत येतं काय? घड्याळ, किल्ली, सेफ्टी पिन, पान, शंख. रंगही दाराखिडक्यांना लावतात तो एनॅमल. वस्तू सगळ्या ओळखीच्या, बसलेल्या मात्र भलत्याच जागी, भलत्याच आकारात, आणि भोवती ऐसपैस मोकळी जागा.

यावरून घरी काय करता येतं ते सांगते. मुलाने फडताळातून चार-पाच वस्तू आणायच्या. कुलूप, अडकित्ता, लसणाची पाकळी, काड्यापेटी, मोबाइलचा चार्जर. विळी आणि कोयता नको. वस्तू कागदावर ठेवून भोवती रेघ ओढायची, वस्तू उचलायच्या. मग एक खूप मोठी करायची, एक मुंगीएवढी. एकीची सावली दुसरीला द्यायची. आणि अर्धा कागद मोकळा ठेवायचा. शेवटची अट सगळ्यांत अवघड. मोकळी जागा दिसली की मूल तिथे सूर्य भरतं. नाही भरला तर आजी म्हणते, "अरे, एवढा कागद कोरा कशाला टाकलास? पैशे पडतात ना त्याला?" अशा वेळी भिंतीवर बरव्यांचं चित्र असेल तर मुलाला नुसतं बोट दाखवता येतं. वाद तरी मिटतो, नाहीतर आजी बरव्यांवर नाराज होते. मला दोन्ही चालेल. बरव्यांनी 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक लिहिलं आहे, १९९० मधलं. ते मोठ्यांनी वाचावं. मुलांना त्या नावाचा अर्थ अर्धा कागद मोकळा ठेवताना कळतो.

दुसरं उदाहरण आपल्या संग्रहातलं नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. त्यांचं दिवा धरलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बघणाऱ्याला तैलरंग वाटतो, आहे जलरंग. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड. समोर उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी गीता, आणि चित्र झालं १९४५-४६ च्या सुमारास. म्हणजे त्या जगप्रसिद्ध चित्राला लागलं काय? एक दिवा, एक हात, घरातली पोर आणि तिला बघणारा बाप.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की मुलं कंटाळतात, मोबाइलची बॅटरी वाचवत बसतात. तो वेळ याच चित्राचा. चुलीतला गार कोळसा कागदावर घासून कागद पुरता काळा करायचा. एकाने निरांजन धरायचं, मोठं माणूस जवळ हवं. दुसऱ्याने शिळ्या पावाच्या गराने त्या काळ्यातून उजेड पुसून काढायचा. रबर येण्याआधी युरोपातले चित्रकार खोडायला पावच वापरत. इथे मूल रेघ ओढत नाही, अंधार कमी करत जातं, आणि नाक काढता येत नाही म्हणून रडणारं मूलही यात रमतं. कारण अंधारात नाक असतं कुठे? एका बाजूला नुसती उजेडाची कड असते. बोटांच्या कडा लाल का दिसतात, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर द्यायची घाई करू नये.

सासवन्याचं नाव आपल्याला सांगायला नको. शिल्पकार विनायकराव करमरकर तिथले, जन्म १८९१. गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराज रंगवले होते. ते जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांनी पाहिले आणि पोराला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये धाडलं. पुढे पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्याच्या हातून झाला. याच रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या १९२० च्या पुस्तकाला चित्रं काढली महादेव विश्वनाथ धुरंधरांनी, ज्यांचं प्रदर्शन २०१८ मध्ये आपण भरवलंत. आणि धुरंधरांची मुलगी अंबिका वडिलांच्या हाताखाली घरीच तयार होऊन पुढे जे. जे.ला गेली. मला यातलं देऊळ महत्त्वाचं वाटतं. भिंत खराब केली म्हणून त्या पोराला कोणी बडवलं असतं तर? घरच्या भिंतीचा एक हात-दीड हात तुकडा गेरूने सारवून पोरांच्या नावाने सोडावा, एवढंच मी आयांना सांगते. आणि करमरकरांची शिल्पं पाहिली की चिखलाला घाबरू नये. सासवन्याच्या घरात त्यांनी ओळखीची माणसं आणि जनावरं सिमेंटमध्ये उभी केली आहेत. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत चिखलाला तोटा नाही, आणि गोठ्यातली म्हैस मॉडेल म्हणून कुठल्याही माणसापेक्षा शांत उभी राहते.

रंगांचं तर मला कौतुकच आहे. बाजारातली बारा रंगांची पेटी वाईट नाही, पण तिने मुलाला वाटतं की रंग फक्त बाराच असतात. आमच्या कातकरी लोकांचं नाव ज्या काताशी जोडलेलं, तो खैराचा कात पाण्यात कालवला की तपकिरी येतो. त्याला चुना लागला की लाल होतो, पानाच्या विड्यात होतो तसाच. हळदीला चुना लावला की तीही लाल. सागाचं कोवळं पान तळहातावर चुरडलं की हात रंगतो. करवंदं आहेत, जांभळं आहेत, आमसुलं आहेत. यातले कित्येक उन्हात उडून जातात. जाऊ देत, मुलांना आठ दिवस पुरतात. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळावा, डोळ्यांत गेला तर डोळा जातो.

एक आक्षेप येईल, आपल्याकडूनही येईल. मोठ्या चित्रकाराचं चित्र समोर टांगलं तर मुलं नक्कल करतील. करू देत की! गाणं शिकणारं पोर आधी गुरूच्या मागे गातं, तेव्हा कोणी हरकत घेत नाही. भीती नकलेची नाही, एकच नक्कल सगळ्यांनी करण्याची आहे. आज आमच्या कित्येक शाळांच्या भिंतींवर वारलींचा तारपानाच गोल फिरतो आहे, एकसारखा. पालघरच्या जिव्या सोमा मशे यांची मूळ चित्रं कोणी मुलांना दाखवली असती, त्यांच्या एका कागदावर किती माणसं, पाखरं, जाळी आणि कामं चालू असतात ते, तर तो गोल कधीच मोडला असता. नुसती किनार उचलून आणली, चित्र मागेच राहिलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांबद्दल मी बोलत नाही. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलं बसतात, आणि हात तयार होतो हेही खरं.

आपल्याच चित्रांपुरतं बोलायला हवं असं नाही. जपानचा होकुसाई सत्तरी ओलांडल्यावर फुजी पर्वत पुन्हापुन्हा छापत बसला होता, छत्तीस दृश्यं म्हणता म्हणता शेहेचाळीस झाली. कुठे फुजी लाटेच्या पोटात इवलासा, कुठे सगळा कागद व्यापून. ती चित्रं आमच्या एका घरात लावल्यावर तिथल्या मुलीने रायगडाचा टकमक टोकाकडचा भाग आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत काढला. आषाढातले कागद बहुतेक पांढरेच आहेत, कारण ढगात काही दिसत नव्हतं, आणि दिसत नाही ते काढायचं नाही, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. माथा मात्र आता सपाट येतो.

परवानगीचं बघू. कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. धुरंधर १९४४ मध्ये गेले, अमृता शेर-गिल १९४१ मध्ये. त्यांची चित्रं केव्हाच सर्वांची झाली आहेत. तिथे अडचण फक्त चांगल्या फायलीची, आणि ती आपल्याकडे आहे. बरवे १९९५ मध्ये गेले, गायतोंडे २००१ मध्ये. त्यांच्यासाठी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारावं लागेल. ते आपण विचाराल तर वजन पडेल. मी विचारलं तर पत्राला पोच यायची मारामार. प्रत्येक चित्राबरोबर अर्धं पान मराठीत हवं. चित्र खऱ्या मापात केवढं आहे, कशावर काढलं, कुठल्या रंगात, आणि चित्रकार त्यात कशाशी झगडत होता. "अमूर्त जाणिवांचा आविष्कार" अशी वाक्यं कृपया नकोत, आजीला वाचून दाखवायचं आहे. गायतोंडे रोलर फिरवत आणि फाटक्या कागदाने रंग उचलून दुसरीकडे लावत, असं लिहिलंत की पुरे. पुढचं मुलं करतील. लाटणं मात्र देऊ नका, बाटली फिरवा, असं मी खाली हाताने लिहीन.

छापायचं कशावर, याचा विचार झाला आहे. कागद महाडमध्ये टिकत नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या, तेव्हा घराघरातली पुस्तकं, वह्या, फोटो यांचा लगदा झाला. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. तिथे काय गेलं ते मी इथे लिहीत नाही. पुराची रेघ अजून काही भिंतींवर आहे आणि लहान मुलं चित्रातल्या घरालाही ती काढतात. म्हणून चित्रं फ्लेक्सवर छापायची. पर्यावरणाचं पाप आहे, मान्य. पण फ्लेक्स धुता येतो, गुंडाळून माळ्यावर टाकता येतो, आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांमुळे महाडमध्ये फ्लेक्स छापणाऱ्यांची कमी नाही. नेत्यांचे फ्लेक्स पावसाळ्यात वाड्यांवर गोठ्याच्या छपराला जातात. बरवेही जातील कधीतरी, हे आपण आधीच मनाशी धरून चला. त्याआधी एक-दोन वर्षं घरात राहिले तरी काम झालं.

एका वाडीवर एक चित्र, दर दोन महिन्यांनी घर बदलायचं, ज्या घरी चित्र त्या घरच्या पडवीत रविवारी पोरं जमायची, अशी योजना आहे. एक मोठी प्रत महाडच्या एसटी स्टँडवर लावायची. तिथे माणसं गाडीची वाट बघत तासतासभर बसतात, आणि चित्र बघायला एवढा निवांत वेळ आपल्या दालनातही कोणाला मिळत नसेल. स्टँडच्या परवानगीचा अर्ज मी स्वतंत्र देते आहे.

फायली पाठवताना पहिली बरव्यांची पाठवा. फ्लेक्सवाल्याला रंग भडक करण्याची सवय आहे. त्याच्या शेजारी बसून बरव्यांचा राखाडी जसाच्या तसा छापून घेण्याची जबाबदारी माझी.

आपली,
महाडची एक निवृत्त कलाशिक्षिका